चावणारा नळ आणि परुळेकर काका

परुळेकर काकांना कुणी सहज विचारलं, "काका, व्होल्टेज किती आहे हो?" की ते चष्मा कपाळावर चढवायचे आणि उलट विचारायचे, "कुठून कुठे?"

विचारणारा बावचळायचा. असला प्रश्न रिक्षावाल्यानं विचारावा. इथे ट्यूबलाइट लुकलुकतेय, पंखा आळसावलाय, घाम फुटलाय, आणि हा गृहस्थ कुठून कुठे म्हणतोय. आमच्या बिल्डिंगमध्ये नव्यानं राहायला आलेल्या एका बँकेतल्या गृहस्थांनी तर पहिल्याच भेटीत, "आधी गिरगावात होतो, आता इथे," असं प्रामाणिक उत्तर दिलं होतं. काका गंभीरपणे म्हणाले होते, "ते अंतर झालं. मी फरक विचारतोय."

दोन हजार सालानंतरची ही गोष्ट. भाइंदर पूर्वेला इंद्रलोकमध्ये तेव्हा एकामागून एक बिल्डिंगी उभ्या राहत होत्या आणि मुंबईतल्या एका खोलीत वाढलेले आमच्यासारखे लोक तिथे वन-बीएचके घेऊन स्वतःला सुखी समजत होते. सुख तसं होतंही. फक्त पाणी ठरावीक वेळी यायचं आणि लाइट ठरावीक वेळी जायची. जी उरायची ती संध्याकाळी इतकी मंद व्हायची की टीव्हीवरचं चित्र चारी बाजूंनी आक्रसून मधोमध गोळा व्हायचं. त्यामुळे व्होल्टेज हा शब्द आमच्याकडे हवापाण्याच्या गप्पांसारखा सगळ्यांच्या तोंडी होता. फक्त परुळेकर काकांसमोर तो काढायचा नाही, एवढं आम्ही शिकलो होतो.

काका पंख्यांच्या एका कारखान्यात टेस्टिंगला होते. आयुष्यभर त्यांनी पंखे मोजले आणि रिटायर झाल्यावर उरलेलं जग मोजायला घेतलं. काटक बांधा, पांढरा हाफ शर्ट, आणि खांद्याला जांभळ्या फुलांची एक कापडी पिशवी. पिशवी काकूंनी ब्लाउजपीसच्या उरलेल्या कापडातून शिवलेली. दुरून पाहणाऱ्याला वाटावं, बायकोची पर्स घेऊन निघालेत. आत काट्याचा जुना मल्टिमीटर, त्याच्या लाल आणि काळ्या अशा दोन वायरी, आणि आल्याची वडी. काकूंनीच हा फ्लॅट पसंत केला होता आणि राहायला आल्यावर वर्षभरातच त्या गेल्या. मुलगा बंगळूरला. काका दुसऱ्या मजल्यावर एकटेच असत.

त्यांच्याकडे एकदा स्टॅबिलायझर विकणारा पोरगेला सेल्समन आला. "सर, आमच्या मशीनमधून कायम दोनशे तीस व्होल्ट मिळणार," म्हणाला. काका म्हणाले, "कुठून कुठे?" तो म्हणाला, "सर, कंपनी वसईला आहे, डिलिव्हरी फ्री." पुढचा पाऊण तास तो काकांच्या सोफ्यावर बसून व्होल्टेज म्हणजे काय ते ऐकत होता. खाली उतरला तेव्हा त्याच्या हातात आल्याची वडी होती आणि चेहऱ्यावर दुसरी नोकरी शोधायचा निश्चय होता.

काकांचं म्हणणं एवढंच होतं की व्होल्टेज कधी एका जागी नसतं. ते दोन जागांमधला फरक असतो. एकाच जागेवर बोट ठेवून इथे किती व्होल्ट, असं विचारणं म्हणजे अर्धाच प्रश्न विचारणं. "एकुलत्या एक माणसाला कुणी भाऊ म्हणतं का?" ते विचारायचे. "भाऊ व्हायला दुसरा लागतो. तसंच हे."

हा नियम ते विजेपुरता ठेवत नसत. आज गरम आहे म्हटलं की "कशापेक्षा?" भाइंदर लांब पडतं म्हटलं की "कुणाला?" कुठलाही एकटा आकडा त्यांना सहन होत नसे. जगात डॉक्टर तेवढे शहाणे, असं त्यांचं मत होतं, कारण ब्लड प्रेशर सांगताना ते दोन आकडे सांगतात. एकदा मात्र त्यांनी डॉक्टरांनाच विचारलं, "हे प्रेशर बाहेरच्या हवेच्या दाबापेक्षा किती जास्त, असंच ना?" डॉक्टरांनी त्यांचं ब्लड प्रेशर पुन्हा मोजलं.

आमच्याकडे ते एकदाच मोजायला आले. संध्याकाळी हॉलमधला टीव्ही आक्रसायचा, म्हणून मी बोलावलं होतं. त्यांनी आधी जिन्याखालच्या मीटरपाशी मोजलं, मग हॉलमध्ये, मग पुन्हा मीटरपाशी. या येण्याजाण्यात दार उघडंच राहिलं, टीव्ही बंद राहिला आणि बायकोची मालिका बुडाली. शेवटी काका समाधानानं म्हणाले, "वहिनी, घरात येईपर्यंत वाटेत खाल्लं जातंय. वायर बारीक आहे." बायको म्हणाली, "काका, तिनं कुणाशी लग्न केलं ते आता मला कोण सांगणार?" काकांनी यावर खरोखर विचार केला आणि म्हणाले, "उद्या रिपीट असेल."

एकूण आम्ही सगळे त्यांना भ्यायचो, हसायचो आणि टाळायचो. असा माणूस बिल्डिंगला एक असावा, पण आपल्या मजल्यावर नसावा, असं सगळ्यांचं एकमत होतं.

तळमजल्यावर म्हात्रे राहायचे. बिल्डिंग उभी आहे ती जमीन मूळची त्यांची. पूर्वी तिथे भातशेती होती आणि पलीकडे खाडीच्या बाजूला त्यांचं मिठागर. बिल्डरनं जमिनीच्या बदल्यात त्यांना तळमजल्याचे दोन फ्लॅट जोडून दिले होते आणि मागच्या बाजूला भांडी-कपडे धुवायला मोकळी जागा, एक मोठा दगड आणि एक नळ. घरात म्हात्रे आजी, त्यांचा मुलगा भरत आणि नवी सून रंजना. आजी विधवा, आवाज खणखणीत, आणि काकांना त्या ‘मास्तर’ म्हणायच्या. "मी मास्तर नव्हतो," असं काकांनी दोनतीनदा सांगून पाहिलं. आजी म्हणाल्या, "बोलता तं मास्तरासारखे." तिथे तो विषय मिटला.

रंजना उत्तनच्या पुढच्या चौक गावची. बापाची होडी होती. पोरगी सडपातळ, कामाला चपळ, बोलायला कमी. लग्नानंतर काही दिवसांनी ती भरतला म्हणाली, "मागचा नळ चावतो."

भरत सकाळी कामावर जाताना मागच्या दारानं गेला, बुटासकट, आणि नळाला हात लावून पाहिला. काही झालं नाही. आजी रोज त्याच नळावर कपडे धुवायच्या, लाकडी पाटावर बसून. त्यांनाही काही होत नव्हतं. तरी भरतनं मुन्ना इलेक्ट्रिशियनला बोलावलं. मुन्ना दुपारी आला. टेस्टर नळाला लावला. टेस्टरमधला दिवा लागला नाही. "कुछ नहीं है भाभी, वहम है," म्हणून तो गेला.

झालं. आजींचा निकाल त्या दिवशी संध्याकाळी मागच्या बाजूच्या सगळ्या घरांनी ऐकला. "हिला भांडी घासाची न्हाईत. तीन मानसांनी हात लावला, कुनाला काय झाला न्हाय. नळ काय मानूस वलखून चावतो?"

युक्तिवाद बिनतोड होता. आम्ही पहिल्या मजल्यावर, आमच्या किचनची गॅलरी बरोबर त्या नळावर. सगळं वरून ऐकू यायचं. बायको म्हणाली, "नवीन आहे बिचारी, सवय नसेल कामाची." मीही मान हलवली. काही दिवस रंजना रोज सांगत राहिली, मग सांगायची बंद झाली. पुढे कुणीतरी आजींच्या डोक्यात भरवलं की पोरीला बाहेरचं काही असेल. मग एका शनिवारी त्या नळाच्या मानेला लिंबू-मिरची बांधलेली दिसली. रंजना त्याखाली बसून भांडी घासायची. नळाला हात लावायच्या आधी ती पदर हाताभोवती गुंडाळायची आणि डोळे मिटायची. हे मी वरून पाहिलं होतं, पण मला त्याचा अर्थ लागला नव्हता.

काकांना नळाचं काही ठाऊकच नव्हतं, कारण त्यांचा फ्लॅट पुढच्या बाजूला आणि त्यांना कुणी काही सांगत नसे. एका सकाळी ते मागच्या बाजूनं चालले होते, त्यांना लिंबू दिसलं आणि ते थांबले. त्या वेळी मी गॅलरीत दात घासत होतो, म्हणून पुढचं सगळं मला ऐकू आलं.

"हे लिंबू का बांधलंय?"

रंजनानं आधी घराच्या दाराकडे पाहिलं. मग हळू आवाजात म्हणाली, "नळ चावतो, काका."

"म्हणजे शॉक लागतो?"

"हो."

आता काय येणार ते मला ठाऊक होतं. मला त्या पोरीची दया आली.

"कुठून कुठे?" काकांनी विचारलं.

रंजनानं क्षणभर विचार केला. ओला हात पुढे धरून पाहिला, मग पायाकडे पाहिलं आणि म्हणाली, "हातापासून पायापर्यंत. टाचेत जास्त."

काकांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला, पुसला, परत लावला. मागच्या पायरीवर बसले. पंख्यांच्या कारखान्यात, घरात, दवाखान्यात, बाजारात, जिथे जिथे त्यांनी हा प्रश्न विचारला होता तिथे लोक हसले होते नाहीतर चिडले होते. त्याचं सरळ उत्तर आज पहिल्यांदा कुणीतरी दिलं होतं.

"सांग," ते म्हणाले, "सगळं सांग. सकाळी की संध्याकाळी?"

"सकाळीच. पाण्याची मोटर घुं करते ना, तेव्हा. मोटर बंद झाली की चावत नाही."

"पायात चप्पल असते?"

"चप्पल घातली तर चावत नाही. पण आई म्हणतात, भांडी चपला घालून घासायची नसतात."

"आणि त्या स्वतः?"

"त्या पाटावर बसतात."

"भरत?"

"बूट घालून हात लावला."

"मुन्ना किती वाजता आला होता?"

"दुपारी. मोटर बंद होती."

काका उठले. "तुला वहम नाही," ते म्हणाले. "ते तिघं वेगळ्या दोन जागांच्या मध्ये उभे होते. तू वेगळ्या दोन जागांच्या मध्ये उभी असतेस. उद्या सकाळपर्यंत नळाला हात लावू नकोस. भांडी माझ्याकडे आणून घास, माझ्याकडे सिंक रिकामंच असतं."

दुसऱ्या दिवशी सकाळी मोटर सुरू व्हायच्या वेळेला मागच्या जागेत अर्धी बिल्डिंग जमली होती. आमचे सेक्रेटरी जयंतीभाई, मुन्ना, भरत, मी, गॅलऱ्यांमधून बायका, आणि पाटावर आजी, प्लॅस्टिकच्या चपला घालून, हाताची घडी. काका फुलाफुलांची पिशवी घेऊन आले. रंजना दारात उभी होती.

मोटर घुमायला लागली. काकांनी मीटरची लाल वायर नळाला लावली आणि काळी वायर लाकडी दाराच्या चौकटीला. काटा हलला नाही.

"देखा?" मुन्ना म्हणाला.

काकांनी काळी वायर काढून नळाच्याच पाइपवर थोडी वर लावली. काटा हलला नाही.

"काका, आता तरी मानो ने," जयंतीभाई म्हणाले. "मला दुकान उघडायचं आहे."

काका रंजनाकडे वळले. "तू कुठे उभी असतेस?"

तिनं दगडापाशी ओल्या जागेकडे बोट दाखवलं. काकांनी पिशवीतून एक लोखंडी सळई काढली, त्या ओल्या मातीत ठोकली आणि काळी वायर तिला लावली.

काटा टुणकन उठला आणि साठच्या आसपास जाऊन थरथरत राहिला.

मग सगळे एकदम बोलले. जयंतीभाईंनी सगळ्यांच्या वतीनं विचारलं, "म्हणजे काका, करंट नळात आहे का जमिनीत आहे?"

"नळातही नाही, जमिनीतही नाही. दोघांच्या मध्ये आहे. नळ आणि चौकट, मधे सुकं लाकूड, काही लागणार नाही. नळ आणि त्याचाच पाइप, दोन्हीकडे सारखंच, फरक शून्य. नळ आणि ओली जमीन, फरक साठ. आणि या दोघांना जोडणारी तार कोण? तर ही पोरगी." काकांचा आवाज चढला होता. व्याख्यान सुरू झालं आहे हे आमच्या लक्षात आलं. मोटर घुमतच होती. काका म्हणाले, "आता मुळात पोटेन्शियल म्हणजे काय, तर—"

"मास्तर," आजींनी मधेच विचारलं, "आमच्या मिठागरात या वाफ्यातना त्या वाफ्यात पानी सोडतात. दोन्ही वाफे सारखे भरले तं पानी हलत न्हाय. एक वर, एक खाली असला तरच जातं. तसाच हाय का?"

काका थबकले. "अगदी तसंच," म्हणाले.

"म्हंजे नळ वरचा वाफा नि जमीन खालचा."

"हो."

"नि मी पाटावर बसतंय म्हणून माझ्यातना पानी जात न्हाय."

"बरोबर."

एवढ्यावर थांबायला हरकत नव्हती. पण म्हात्रे आजी अशा होत्या की मिठाचा कणही चाखून पाहिल्याशिवाय विकायच्या नाहीत. काका भरतला समजावायला वळले, तेवढ्यात आजी पाटावरून उठल्या, चपला काढल्या, ओल्या जागी जाऊन उभ्या राहिल्या आणि नळाची तोटी धरली.

त्यांच्या तोंडून एक चमत्कारिक आवाज निघाला. हात सुटेना. रंजना दारातून धावली आणि सासूला धरायला हात पुढे केला. परुळेकर काका त्या दिवशी आयुष्यात पहिल्यांदा ओरडले असावेत. "हात लावू नकोस. मोटर."

रंजना वळली ती थेट पंपाच्या खोलीत. आम्ही पुरुष माणसं तोंडं उघडी टाकून उभे होतो, आणि त्यात काकाही होते. खटका पडल्याचा आवाज झाला, घुमणं थांबलं आणि आजी मटकन दगडावर बसल्या. रंजना परत आली, त्यांचे दोन्ही हात चोळायला लागली.

"टाचेत जास्त लागतं," आजी म्हणाल्या.

"हो," रंजना म्हणाली.

"नि तू रोज हे..." आजींनी वाक्य सोडून दिलं. मग उठल्या, नळाचं लिंबू ओरबाडून काढलं आणि कंपाउंडच्या पलीकडे फेकलं. सगळ्यांदेखत म्हणाल्या, "मना वाटला, पोर लबाड बोलतंय. मीच खुळी." आणि आपल्या चपला उचलून सुनेच्या पायांपुढे ठेवल्या.

नंतर सगळं सोपं होतं. मोटरची अर्थिंगची तार तुटून लोंबत होती आणि आतून वीज मोटरच्या अंगावर उतरत होती. वरच्या घरांचे पाइप प्लॅस्टिकचे, मागचा नळ तेवढा मोटरच्या जुन्या लोखंडी पाइपवर. मुन्नानं निमूटपणे मोटर दुरुस्त करून आणली, तार जोडली, आणि काकांनी ती ओढून पाहिली. जयंतीभाईंनी मीटिंगमध्ये काकांचे आभार मानले. काका उठून म्हणाले की उत्तर त्यांनी शोधलेलं नाही, रंजनानं सांगितलं, त्यांनी फक्त विचारलं. मग त्यांनी पोटेन्शियल म्हणजे काय ते राहिलेलं सांगायला घेतलं आणि जयंतीभाईंनी चहा मागवला.

माझ्या दृष्टीनं गोष्ट इथे संपली होती. पुढचं मला केवळ गॅलरीमुळे कळलं.

दुरुस्ती झाल्यावर काही दिवसांनी, सकाळी मोटर सुरू झाली तेव्हा मी खाली पाहिलं तर काका नळापाशी उभे. खांद्याला पिशवी नव्हती. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, चपला काढून बाजूला ठेवल्या, ओल्या जमिनीवर पाय नीट टेकवून उभे राहिले आणि उजव्या हाताची उलटी बाजू नळाला लावली. इलेक्ट्रिशियन लोक असंच करतात. शॉक बसला तर मूठ आवळते, उलटा हात असला म्हणजे तोटी पकडली जात नाही. थोडा वेळ तसेच थांबले. मग हात काढला, चपला घातल्या.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच.

मी एकदा जिन्यात त्यांना गाठलं. "काका, तुमच्याकडे मीटर असताना हात कशाला लावता? समजा परत काही बिघडलं असलं तर?"

ते चोरी पकडल्यासारखे झाले. मग म्हणाले, "मीटर आकडा सांगतो, सुधीर. तिला काय आकडा लागणार आहे?" आणि जिना उतरून गेले.

पण खरी मजा पुढे आहे. एक दिवस माझं लक्ष म्हात्र्यांच्या मागच्या दाराकडे गेलं. दार अर्धवट लोटलेलं, आणि आत रंजना उभी, कमरेवर खरकट्या भांड्यांची पाटी घेऊन. ती काकांना पाहत होती. काकांचा हात नळावर होता तोपर्यंत ती हलली नाही. त्यांनी चपला घातल्या, दोन पावलं चालले, तेव्हा ती दार उघडून बाहेर आली.

"काका, आज इतक्या लवकर?"

"दूध आणायला निघालो होतो," काका म्हणाले.

दूध त्यांच्या दाराच्या कडीला रोज पिशवीत येत असे. ते तिलाही ठाऊक होतं.

"मग चहा घेऊनच जा. टाकलाय," ती म्हणाली. पुढे हे रोजचंच झालं. काका, ज्यांना आमच्यापैकी कुणी कधी एकदाही नुसतं चहाला बोलावलं नव्हतं, दगडाच्या कडेला बसून चहा घ्यायचे. ती भांडी घासायची. काका तिला सांगत असायचे, बहुधा पोटेन्शियलबद्दलच, आणि ती मधेच काहीतरी विचारायची. एकदा ते मोठ्यानं हसले. काका हसू शकतात हे मी बायकोला गॅलरीत बोलावून दाखवलं.

पावसाळा सरता सरता रंजना बाळंतपणासाठी चौकला माहेरी गेली. भरत तिला रिक्षानं सोडून आला. त्या दिवशी काका गेटपर्यंत गेले होते. तिच्या बापाच्या घरचं वायरिंग कसं आहे, असं त्यांनी भरतला दोनदा विचारलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोटर सुरू झाली. मी मुद्दाम गॅलरीत गेलो. आता काका येणार नाहीत असं मला वाटत होतं. पण ते आले. चपला काढल्या, ओल्या जागी उभे राहिले, उलटा हात नळाला लावला. सगळं झाल्यावरही ते गेले नाहीत. कुठे जायचं ते ठरत नसल्यासारखे उभे राहिले.

मागचं दार उघडलं. म्हात्रे आजी बाहेर आल्या, कमरेवर भांड्यांची पाटी. त्यांनी काकांकडे पाहिलं, काकांच्या उघड्या पायांकडे पाहिलं.

"ती न्हाय हाय, मास्तर. आता मीच हाय घासाला."

काका म्हणाले, "मग? तुम्हाला शॉक लागला तर चालेल का?"

आजी पाटी खाली ठेवून आत गेल्या. मला वाटलं, चिडल्या. थोड्या वेळानं त्या दोन कप घेऊन बाहेर आल्या. एक काकांच्या हातात दिला, दुसरा घेऊन दगडाच्या दुसऱ्या कडेला बसल्या. दोघांनी चहा घेतला.

"काल राती फोन आला व्हता," आजी म्हणाल्या. "पोर बरी हाय. जेवतंय."

काकांनी मान डोलावली. चहा संपवला, उठले, कप नळाखाली विसळला आणि दगडावर पालथा घातला.

"उद्या साखर जरा कमी," ते म्हणाले.

"बरं," म्हात्रे आजी म्हणाल्या.